आईमुळे नकार, वडिलांमुळे बडतर्फी

केंद्र सरकारच्या नोकरीत निवड झाली की भरायच्या कागदांमध्ये ॲटेस्टेशन फॉर्म असतो. नाव, पत्ता, शिक्षण, गेल्या पाच वर्षांत कुठे कुठे राहिलात, इथवर तो सरळ जातो. मग आई, वडील, नवरा किंवा बायको, भाऊ, बहिणी यांचं नागरिकत्व, जन्मस्थान आणि व्यवसाय विचारला जातो. उमेदवार मूळचा आताच्या पाकिस्तानातला असेल तर तिथला पत्ता आणि भारतात आल्याची तारीख लागते. मुलगा-मुलगी परदेशात शिकत किंवा राहत असतील तर देश कोणता, पत्ता काय, कधीपासून, हेही लिहावं लागतं. आणि फॉर्मच्या अगदी वर इशारा छापलेला असतो: खोटी माहिती दिली किंवा खरी दडवली, तर उमेदवार नोकरीला अपात्र ठरू शकतो.

ग्वाल्हेरच्या अनेक घरांना हा फॉर्म ओळखीचा आहे. महाराजपुऱ्याच्या हवाई तळावर १९८५ पासून मिराज-२००० विमानं आहेत. २६ फेब्रुवारी २०१९ च्या पहाटे बालाकोटवर गेलेली मिराज इथूनच उडाली. लढाऊ वैमानिकांना डावपेच शिकवणारी ‘टॅक्डी’ ही हवाई दलाची संस्थाही इथेच आहे. झाशी रोडवर डीआरडीओची ‘डीआरडीई’ प्रयोगशाळा आहे. १९४७ मध्ये जिवाजी इंडस्ट्रियल रिसर्च लॅबोरेटरी म्हणून सुरू झालेल्या या संस्थेत आज रासायनिक आणि जैविक अस्त्रांपासून जवानांचं रक्षण कसं करायचं यावर काम चालतं. त्याच रस्त्याने पुढे गेलं की टेकनपूरला सीमा सुरक्षा दलाची अकादमी लागते. एवढी गुपितं सांभाळणाऱ्या या शहरात शिंद्यांच्या मागोमाग आलेली मराठी घरं आहेत, त्यांची पुढची पिढी पुणे, बंगळूर करत न्यू जर्सीपर्यंत पोचली आहे. फाळणीनंतर आलेली सिंधी कुटुंबं आहेत, त्यांच्या आजोबांचा जन्म सक्कर किंवा हैदराबाद सिंधचा. शहराच्या ‘लष्कर’ नावाच्या भागातल्या एकाच वाड्यातला थोरला हवाई दलात आणि धाकटा टेक्सासमध्ये, हे इथे नवलाचं नाही. म्हणून प्रश्न इथल्या माणसाला खरोखर पडतो: भाऊ परदेशात असला, सून परदेशी असली, तर सरकार आपल्यावर विश्वास ठेवील का?

हा प्रश्न ग्वाल्हेरला नवा नाही. शिंद्यांच्या फौजेत तो १८०३ मध्येच उभा राहिला होता, आणि त्याचा सगळ्यांत कडवट अनुभव जेम्स स्किनर नावाच्या माणसाने घेतला.

स्किनरचा जन्म १७७८ मध्ये कलकत्त्याचा. वडील ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतले स्कॉटिश अधिकारी, आई रजपूत. मुलाला बापासारखं शिपाईगिरीत जायचं होतं. पण कंपनीने १७९१ मध्ये ठरवलं, की ज्याचे आई किंवा वडील हिंदी आहेत त्याला मुलकी, लष्करी किंवा आरमारी नोकरीत नेमायचं नाही. १७९५ मध्ये नियम आणखी आवळला आणि अशा मुलांना फौजेत फार तर बाजेवाले, ढोलवाले, नालबंद म्हणून जागा उरली. स्किनरला एका छापखान्यात उमेदवारीला ठेवलं होतं, तिथून तो पळाला. विशीच्या आतच तो शिंद्यांच्या कवायती कंपूंमध्ये दाखल झाला. हे कंपू महादजींनी डी बॉइन या सव्हॉयच्या माणसाकडून उभे करून घेतले होते. महादजी १७९४ मध्ये वारले होते आणि गादीवर आता दौलतराव होते. डी बॉइन गेल्यावर सूत्रं पेराँ या फ्रेंच सेनापतीकडे आली.

शिंद्यांच्या चाकरीत स्किनर जिवावर उदार होऊन लढला. १८०० मध्ये राजपुतान्यात उणियाऱ्याच्या लढाईत तो जबर जखमी झाला आणि प्रेतांच्या गराड्यात पडून राहिला. एका म्हाताऱ्या बाईने भाकरी आणि पाणी दिलं म्हणून जगला. वाचलो तर चर्च बांधीन, असा नवस त्याने तिथे पडल्यापडल्या केला. दिल्लीत काश्मिरी दरवाजाजवळचं सेंट जेम्स चर्च हा तो फेडलेला नवस. ते १८३६ मध्ये पुरं झालं आणि स्किनरची कबरही तिथेच आहे.

१८०३ च्या ऑगस्टमध्ये इंग्रजांशी युद्ध पेटलं. शिंद्यांच्या नोकरीतल्या इंग्रजांनी ती सोडून आमच्याकडे यावं, त्यांची सोय आम्ही लावू, असा जाहीरनामा गव्हर्नर जनरल वेलस्लीने काढला. पेराँच्या दोन अधिकाऱ्यांनी आपल्या देशबांधवांवर शस्त्र धरणार नाही असं सांगितलं. पेराँने मग त्या दोघांवर न थांबता इंग्रज रक्ताच्या सगळ्याच अधिकाऱ्यांना काढून टाकलं. त्यात स्किनर होता. त्याने जायला नकार दिला, पुन्हा पेराँला गाठलं, चाकरीत ठेवा म्हणून विनवलं. आता तुझ्यावर विश्वास ठेवता येत नाही, असं सांगून पेराँने त्याला वाटेला लावलं. आईच्या रक्तामुळे कंपनीने नाकारलेला हा माणूस वडिलांच्या रक्तामुळे शिंद्यांच्या फौजेतून निघाला. उणियाऱ्याच्या जखमा कोणी मोजल्या नाहीत.

पेराँची भीती मात्र निराधार नव्हती. ४ सप्टेंबर १८०३ ला इंग्रजांनी अलीगडचा किल्ला घेतला. किल्ल्याच्या दरवाजापर्यंतची वाट हल्ला करणाऱ्या तुकडीला ल्युकन नावाच्या अधिकाऱ्याने दाखवली, आणि हा ल्युकन शिंद्यांच्याच नोकरीतून बाहेर पडलेला होता. आतली माहिती असलेला माणूस उलटला की काय होतं, हे एका सकाळीत दिसलं. पण गोष्ट इथेच थांबत नाही. ज्या पेराँने रक्त पाहून माणसं हाकलली, तो स्वतः अलीगड पडल्यानंतर काही दिवसांतच इंग्रजांच्या आश्रयाला गेला, आपली संपत्ती सांभाळत कलकत्त्याला पोचला आणि पुढे फ्रान्सला परतला. इंग्रजांच्या बाजूला त्याचं ना गोत होतं ना रक्त. त्याची ओढ पैशाची आणि सुटकेची होती, आणि ती पाहणारा रकाना कोणाच्याच फॉर्ममध्ये नव्हता.

स्किनरचं काय झालं? दिल्लीच्या लढाईनंतर शिंद्यांकडचे काही स्वार इंग्रजांकडे आले आणि त्यांनी आपला सरदार म्हणून स्किनरला मागून घेतलं. त्याने इंग्रज सेनापती लेकपुढे अट घातली: माझ्या जुन्या धन्याविरुद्ध, शिंद्यांविरुद्ध, मला लढायला लावायचं नाही. ज्याच्या निष्ठेचा भरवसा शिंद्यांच्या सेनापतीला वाटला नाही, त्याने काढून टाकल्यावरही ती निष्ठा पाळली. त्याचं घोडदळ आज भारतीय सैन्यात ‘स्किनर्स हॉर्स’ या नावाने आहे.

होळकरांकडे हाच संशय आणखी पुढे गेला. इंग्रजांशी संधान असल्याच्या संशयावरून यशवंतरावांनी १८०४ मध्ये आपल्या नोकरीतल्या व्हिकर्स आणि त्याच्या साथीदारांची मुंडकी उडवली. आणि ग्वाल्हेरातच याच्या नेमकं उलट उदाहरण आहे. मायकेल फिलोज हा नेपल्सकडचा सैनिक शिंद्यांच्या पदरी होता. ३१ डिसेंबर १७९७ ला पुण्यात नाना फडणवीसांना शिंद्यांच्या छावणीत कैद केलं ते यानेच, सुरक्षिततेचा शब्द दिल्यानंतर. नानांवर श्रद्धा असलेल्या मराठी माणसाला हे नाव आवडणार नाही. पण हे घराणं शिंद्यांशी पिढ्यान्पिढ्या बांधलेलं राहिलं. जाँ बॅप्टिस्ट फिलोजने दौलतरावांसाठी मुलूख जिंकला, आणि जयाजीरावांच्या काळात, १८७४ मध्ये उभा राहिलेला जयविलास महाल सर मायकेल फिलोज यांनी बांधला. महाल पाहायला आलेला प्रवासी झुंबरांची वजनं ऐकून जातो. मला तिथे गेलं की परदेशी मुळाच्या एका घराण्यावर दरबाराने टाकलेला विश्वास अधिक मोठा वाटतो.

आता आजच्या काळात या. नातेवाईक परदेशी असणं म्हणजे देशप्रेम कमी असणं, असं कोणतंही शहाणं सरकार मानत नाही. चिंता असते ती दाबाची. तुमची बहीण ज्या देशात राहते, तिथल्या गुप्तहेर खात्याने तिचा व्हिसा, नोकरी किंवा मुलाबाळांची सुरक्षितता हातात धरून तुमच्याकडे काही मागितलं, तर तुम्ही काय कराल? इथे तुमचं चांगलं असणंच अडचणीचं ठरतं. ज्याला बहिणीची माया आहे त्यालाच तिच्यामार्फत वाकवता येतं. याखेरीज परदेशातली मालमत्ता आणि पैसा पाहिला जातो, कारण जे तिकडे अडकलं आहे ते तिकडचं सरकार अडवू शकतं. म्हणून नातं किती जवळचं, देश कोणता, नातेवाईक तिथल्या सरकारच्या किंवा लष्कराच्या नोकरीत आहे का, आणि तुमच्या हाती येणारं गुपित किती मोलाचं, या चार गोष्टी एकत्र तोलाव्या लागतात. नेपाळमधला चुलत मामा आणि पाकिस्तानी फौजेतला सख्खा मेहुणा यांना एकाच मापाने मोजणं म्हणजे पेराँचीच चूक पुन्हा करणं.

आपल्याकडच्या नियमांत ही तरतमता आहे. केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या १९६४ च्या वर्तणूक नियमांतल्या २१ व्या नियमाप्रमाणे परदेशी नागरिकाशी लग्न केल्यास सरकारला ताबडतोब कळवायचं असतं. आयएएस, आयपीएस अधिकाऱ्यांनाही १९६८ च्या नियमांत तसंच बंधन आहे. इथे परवानगी मागायची नाही, कळवायचं आहे. परराष्ट्र सेवेत आणि सैन्यदलांत मात्र आधी परवानगी लागते, कारण तिथे हाती येणारी माहिती वेगळ्या दर्जाची असते. के. आर. नारायणन परराष्ट्र सेवेत रंगूनला असताना तिंत तिंत या ब्रह्मी तरुणीला भेटले. ती परदेशी नागरिक, म्हणून लग्नासाठी पंतप्रधान नेहरूंची खास परवानगी घ्यावी लागली. ८ जून १९५१ ला दिल्लीत लग्न झालं, तिंत तिंत उषा झाल्या, भारताच्या नागरिक झाल्या. नारायणन पुढे चीनमध्ये राजदूत झाले आणि १९९७ मध्ये राष्ट्रपती. एका परदेशी पत्नीमुळे त्या काळी हा माणूस बाजूला टाकला असता, तर नुकसान देशाचं झालं असतं.

याच्या दुसऱ्या टोकाला २०२५ चं प्रकरण आहे. पहलगामच्या २२ एप्रिलच्या हल्ल्यानंतर पाकिस्तानी नागरिकांना देश सोडायला सांगितलं गेलं, तेव्हा सीआरपीएफच्या एका जवानाची पत्नी पाकिस्तानी असल्याची चर्चा झाली. लग्न लपवलं आणि व्हिसा संपल्यावरही तिला ठेवून घेतलं, असा ठपका ठेवून मे महिन्यात दलाने त्याला बडतर्फ केलं. आपण वरिष्ठांना पत्रं लिहून आधीच कळवलं होतं, असं जवानाचं म्हणणं. यात बारकाईने पाहण्यासारखी गोष्ट ही, की पाकिस्तानी पत्नी असणं हा ठपक्याचा मुख्य भाग नव्हता, लपवणं हा होता. आणि म्हणूनच सगळा वाद ‘कळवलं होतं की नाही’ यावर आला. कळवल्याची पोच हातात असणं किती मोलाचं, ते इथे कळतं.

समुद्रापलीकडच्या मराठी घरांना हाच प्रश्न उलट्या दिशेने भेटतो. समजा, ग्वाल्हेरच्या माधव इन्स्टिट्यूटमधून इंजिनिअर झालेली एक मुलगी अमेरिकेत गेली, नागरिक झाली आणि व्हर्जिनियात संरक्षण खात्याचं कंत्राट घेणाऱ्या कंपनीत लागली. कंपनीने क्लिअरन्ससाठी, म्हणजे गोपनीय माहिती हाताळण्याच्या परवानगीसाठी, तिचं नाव पाठवलं. आता तिला एसएफ-८६ नावाचा लांबलचक फॉर्म भरायचा आहे. आई-वडील लष्करात राहतात, दर रविवारी व्हिडिओ कॉल होतो. वडील डीआरडीईतून निवृत्त, भारत सरकारची पेन्शन घेतात. भाऊ हवाई दलात. वाड्यात तिचाही हिस्सा आहे. पुण्यात एक फ्लॅट, बँकेत एनआरई खातं, पाकिटात ओसीआय कार्ड.

हे सगळं अमेरिकेच्या ८ जून २०१७ पासून लागू झालेल्या निकषांतल्या दुसऱ्या कलमाखाली, ‘परकी प्रभाव’ या नावाने तपासलं जातं. दर रविवारचा फोन म्हणजे संबंध वरवरचे नाहीत, हे उघड आहे. ते कमी करून सांगण्यात अर्थ नाही आणि ते सांगूही नये. वडिलांची पेन्शन आणि भावाची नोकरी यांमुळे भारत सरकारशी थेट धागा जुळतो, तो नोंदला जातो. मग दुसऱ्या पारड्यात काय आहे ते पाहतात: नवरा, मुलं, घर, नोकरी, बचत अमेरिकेत किती, आणि भारतातली मालमत्ता त्या मानाने केवढी. देशही पाहतात. भारत मित्र लोकशाही असल्याने जोखीम चीन किंवा रशियाइतकी मानली जात नाही, पण मित्रदेश म्हणून माफीही नाही. मित्रही माहिती चोरतात, हे ते गृहीत धरतात. ओसीआय हे नागरिकत्व नव्हे, आणि त्या निकषांप्रमाणे दुहेरी नागरिकत्वसुद्धा आपोआप अपात्र ठरवत नाही. दडवणं मात्र ठरवू शकतं. शंका उरली तर ती देशाच्या बाजूने सुटते, अर्जदाराच्या नाही. क्लिअरन्स हा कोणाचा हक्क नाही, असं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये नौदल विरुद्ध ईगन या खटल्यात सांगून ठेवलं आहे. तरीही त्या मुलीला कारणं लेखी मिळतात, उत्तर देता येतं, न्यायाधीशासमोर सुनावणी मागता येते, अपील करता येतं. अशा कंत्राटी कर्मचाऱ्यांच्या प्रकरणांचे निकाल अर्जदाराचं नाव वगळून प्रसिद्धही होतात. कोणत्या नात्याला किती वजन दिलं गेलं, ते पुढचा अर्जदार वाचू शकतो.

नातेवाइकांची एवढी झडती घेऊन गुपितं सुरक्षित राहतात का? अमेरिकेच्या इतिहासातल्या सर्वांत घातक हेरांपैकी दोन, नौदलातला जॉन वॉकर आणि एफबीआयमधला रॉबर्ट हॅन्सन, दोघेही अस्सल अमेरिकी घरांतले. वॉकर १९८५ मध्ये पकडला गेला, हॅन्सन २००१ मध्ये. दोघांनीही मॉस्कोकडून पैसे घेतले. आपल्याकडे मे २०२३ मध्ये पुण्यातल्या डीआरडीओच्या एका प्रयोगशाळेच्या संचालकांना एटीएसने अटक केली. आरोप होता समाजमाध्यमावरून ओळख झालेल्या पाकिस्तानी हेराला माहिती पुरवल्याचा. तिथे परदेशी सोयरीक नव्हती, फोनवरची ओळख होती. कर्ज, एकटेपणा, अपमानाचा सल, मोबाइलवरची मैत्री यांतून फुटणारी गुपितं नातेवाइकांच्या यादीत सापडत नाहीत. यादी टाकून द्या असं मी म्हणत नाही. ल्युकन विसरून चालणार नाही. पण यादी तपासली म्हणजे काम झालं असं समजणारा अधिकारी पेराँसारखा चुकीच्या दाराला कुलूप लावतो.

माझी खरी तक्रार दुसरी आहे. आपल्याकडे पडताळणीचा अहवाल गोपनीय असतो. लष्करातल्या घरी पोलीस ठाण्याचा शिपाई येतो, कागद पाहतो, शेजाऱ्यांना दोन प्रश्न विचारतो, आणि पुढे काय लिहिलं गेलं ते उमेदवाराला कळत नाही. सुरक्षेचं कारण असेल तर बाजू मांडण्याची संधी न देताही मंजुरी काढून घेता येते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये एक्स-आर्मीमेन्स प्रोटेक्शन सर्व्हिसेसच्या प्रकरणात मान्य केलं होतं. ती कंपनी विमानतळावर जमिनीवरची सेवा पुरवणारी होती. ५ एप्रिल २०२३ च्या मीडियावन वाहिनीच्या निकालात त्याच न्यायालयाने पाऊल पुढे टाकलं: राष्ट्रीय सुरक्षा हा शब्द उच्चारला म्हणून न्यायाची सगळी दारं बंद करता येत नाहीत, काय आणि का लपवायचं हे सरकारने पटवून द्यायला हवं. हे दोन्ही निकाल कंपन्यांच्या बाबतीतले. एकट्या उमेदवाराला, ज्याच्या बहिणीचं लग्न कॅनडात झालं आहे आणि ज्याची नेमणूक महिनोन्‌महिने अडकली आहे, त्याला निदान ‘हरकत कोणत्या नात्याची’ एवढं कळायला हवं, आणि उत्तर द्यायला मुदत मिळायला हवी. अमेरिकेला हे सुरक्षितता न गमावता जमतं. आपल्यालाही जमेल.

तोवर ज्याच्या हाती फॉर्म आहे त्याने एवढं करावं. सगळी नाती लिहावीत, तुटलेली आणि अबोला धरलेलीसुद्धा. परदेशातल्या भावाचा पत्ता अंदाजाने टाकू नये, त्याला विचारून घ्यावा. भरलेल्या फॉर्मची झेरॉक्स ठेवावी. पुढच्या बढतीच्या वेळी दोन फॉर्मांतली माहिती जुळली नाही की नसलेली शंका उभी राहते. नोकरीत असताना लग्न ठरलं, मुलगा परदेशी गेला, सुनेचं नागरिकत्व बदललं, तर कार्यालयाला लेखी कळवावं आणि आवक क्रमांक असलेली पोच घ्यावी. ‘एक रकाना रिकामा ठेव, कोण विचारतंय’ असा सल्ला देणारे काका प्रत्येक घरात असतात. त्यांचं ऐकू नका.